विनंती थांबा

गेली दोन वर्षे मी एक हलकीफुलकी प्रेमकथा लिहीत आहे. तिची नायिका शरयू ही दापोली तालुक्यातील आसूदची, सव्वीस वर्षांची आणि अतिशय भित्री मुलगी आहे. हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ती हिशेब लिहिते. संध्याकाळी एस.टी.ने घरी परतताना तिचा थांबा विनंती थांबा असल्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय गाडी तेथे उभी राहत नाही. भरलेल्या गाडीत मोठ्याने “थांबवा” म्हणण्याचे धैर्य नसल्याने ती पुढच्या थांब्यावर इतरांबरोबर उतरते आणि अंधारात, सुपारीच्या बागांच्या कडेने, मागे चालत येते. दापोलीत शिकत असताना अशी एक मुलगी मी रोज पाहत असे. तिच्याशी मी कधी बोलले नाही, आणि बहुधा त्या न बोलण्यातूनच ही कादंबरी सुरू झाली.

नायक विनायक हा त्याच गाडीवरचा, नुकताच बदली होऊन आलेला वाहक आहे. पहिल्या खर्ड्यात मी त्याच्याकडून फार गोड काम करून घेतले होते. ही मुलगी रोज एक थांबा पुढे जाते हे त्याच्या लक्षात येते आणि एके दिवशी तिने काही न सांगताच तो दोरी ओढून गाडी थांबवतो. मला तो प्रसंग इतका आवडला होता, की तो मी मावशीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सूप खाली न ठेवता तिने विचारले, “दोरी त्याने ओढली. मग ही काय बोलली गो?”

ती काहीच बोलली नव्हती. तिच्या वाटचे बोलणे मी नायकाला देऊन टाकले होते. प्रेमकथेत हे फार सहज घडते, कारण वाचणाऱ्याला सुख होते आणि लिहिणाऱ्यालाही; पण भित्र्या माणसाला कोणी असे सांभाळून घेतले, की त्याची भीती तेवढी सुरक्षित राहते.

आता त्या जागी दुसरा प्रसंग आहे. विनायक तिच्या थांब्याच्या थोडे आधी दोरीवर हात ठेवतो, तिच्याकडे पाहतो आणि वाट पाहतो. ती मान खाली घालते. तो दोरी ओढत नाही, हसत नाही, आणि गाडी पुढे जाते. असे अकरा दिवस चालते. या अकरा दिवसांवर मी सर्वाधिक पाने खर्च केली आहेत, कारण माझ्या मते त्यांचे प्रेम त्या वाट पाहण्यातच जमते.

बाराव्या दिवशी पाऊस असतो. रिकामी पाटी मांडीवर घेऊन झोपी गेलेल्या एका कोळीण आजींचे उतरण्याचे ठिकाण मागे पडू लागते आणि शरयू अनपेक्षितपणे ओरडते, “थांबवा, आजींना उतरायचंय!” स्वतःसाठी जे शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते, ते दुसऱ्यासाठी निघतात. जेन ऑस्टेन यांच्या ‘पर्स्वेशन’ या १८१७च्या अखेरीस, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत असाच एक क्षण आहे, आणि तोही समुद्रकाठचाच. सत्तावीस वर्षांची ॲन इलियट हिने आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने आपले प्रेम सोडून दिलेले असते. लाइम रेजिसच्या दगडी धक्क्यावर ॲनच्या बहिणीची नणंद लुईझा पायऱ्यांवरून उडी मारते आणि खाली पडून बेशुद्ध होते. तेव्हा ॲनने सोडून दिलेला तो प्रियकर, आरमारातला कॅप्टन वेंटवर्थसुद्धा गांगरतो, आणि वैद्याला बोलावण्याचे भान ॲनलाच राहते. तो प्रसंग मी किती वेळा वाचला असेन, याची गणती नाही.

तरीही दुसऱ्यासाठी आवाज काढणे ही अर्धीच वाट आहे. उरलेली अर्धी हर्णैच्या किनाऱ्यावर जाते. संध्याकाळी होड्या लागतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्या भोवती घोळके जमतात आणि बायका भल्याभल्यांना मागे सारतील अशा आवाजात बोली लावतात. त्या गलक्यात उभी राहून शरयूला बर्फाच्या लाद्यांची थकलेली रक्कम मागायची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे वसुली मे महिन्यातच व्हायला हवी. मालकाने तिला बजावले आहे, की पैसे आले नाहीत तर तिचाच पगार अडेल. तिसऱ्या खेपेला ती मागते, आणि होडीवाला हातातल्या नोटा मोजत साधेपणाने म्हणतो, “आधी मागायचे होतेस ना!” तिची इतक्या दिवसांची भीती त्याच्या गावीही नसते.

लिहिताना एक गोष्ट मला मराठीनेच दिली. सुरुवातीच्या प्रकरणांत शरयूच्या बोलण्यात “मी केले” असे कुठेच येत नाही. हिशेब राहून जातो, चहा सांडतो, गाडी पुढे जाते. सगळे आपोआप घडत असते आणि ती त्यात नसते. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच बोलतात, आणि ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. मी तिची क्रियापदे एकेक करून, वाचकाला कळणार नाही इतक्या सावकाशीने बदलत नेली. या कामाला एक अख्खा पावसाळा लागला.

शेवटचे प्रकरण गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. त्यात विनायकची सुट्टी आहे. गाडीवर दुसरा वाहक आहे, त्याला शरयू ठाऊक नाही, आणि गाडीत नेहमीपेक्षा जास्त गर्दी आहे. विनायक तिच्या थांब्यावर, वडाच्या पारावर बसून आहे. गाडी दिसते, वेग कमी होतो, घंटीचा एक टोला ऐकू येतो आणि शरयू उतरते. गाडी निघून गेल्यावर तो विचारतो, “आज इथे थांबली वाटतं गाडी?”

ती पदर सारखा करत म्हणते, “थांबवली.”