दुरुस्तीला जर्मनीला गेलेला सर्व्हो ड्राइव्ह: कस्टम्सचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या मशीनचा सर्व्हो ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि हालचाल सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जर्मनीला दुरुस्तीला पाठवून परत आणायची कागदपत्रं माझ्याकडे होती. परतीला ड्युटी किती लागणार, हे माल जातो त्या दिवशीच्या कागदांवर ठरतं.

प्रदर्शनाचा माल, नमुने किंवा व्यावसायिक उपकरणं असतील तर फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्नेट (माल तात्पुरता, ड्युटी न भरता नेण्या-आणण्याचा परवाना) निघतं, मुदत वर्षाची. दुरुस्तीच्या मालाला ते चालत नाही. त्यासाठी जाताना साधं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) आणि परतीला ड्युटीत सवलत देणारी कस्टम्सची अधिसूचना 45/2017.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, होताच. एडी कोड (आपल्या बँकेचा कस्टम्सकडे नोंदवायचा कोड) मात्र नागपूरच्या आयसीडीला, म्हणजे तिथल्या कंटेनर डेपोला, नोंदलेला, आणि माल मुंबई विमानतळाच्या सहार एअर कार्गोतून जाणार. एडी कोड प्रत्येक बंदराला किंवा विमानतळाला वेगळा नोंदवावा लागतो. हे आधी पाहिलं नाही तर ट्रक मुंबईत जाऊन उभा राहतो. बँकेकडून आणखी एक पत्र घेतलं: माल दुरुस्तीसाठी जातोय, परत येणार आहे, व्यवहारात परकीय चलन नाही.

ही विक्री नसल्यामुळे टॅक्स इन्व्हॉइस नाही, डिलिव्हरी चलान आणि ई-वे बिल. सोबतच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर 'केवळ कस्टम्ससाठी मूल्य' असं लिहायचं, पण आकडा खरा टाकायचा. शंभर डॉलर टाकून मोकळं होणारे परतीला फसतात.

सगळ्यात महत्त्वाचा सिरीयल नंबर. आमच्या सीएचएने (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटने) शिपिंग बिलाच्या मसुद्यात नुसतं 'मशीनचा सुटा भाग' लिहिलं होतं. ते बदलून मेक, मॉडेल, सिरीयल नंबर आणि 'दुरुस्तीनंतर परत आणणार' हे शिपिंग बिलातच घातलं, नेमप्लेटचे फोटो जोडले आणि तपासणीत अधिकाऱ्याकडून नंबरची नोंद करून घेतली. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-15 चा (लाकडावर कीड-प्रतिबंधक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवा.

आता परतीचं. ओळख तीच, मालकी तीच आणि तीन वर्षांच्या आत (आयुक्त ही मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवू शकतात) माल आला, तर ड्युटी पूर्ण किमतीवर नाही. दुरुस्तीचा वाजवी खर्च, दोन्ही बाजूंचं भाडं आणि विमा, एवढ्यावरच. समजा दुरुस्ती 1,20,000, भाडं 35,000, विमा 5,000, म्हणजे 1,60,000. बेसिक ड्युटी साडेसात टक्के 12,000, त्या ड्युटीवर दहा टक्के अधिभार 1,200, या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 टक्क्यांनी 31,176. एकूण 44,376. तोच ड्राइव्ह आठ लाखांचा नवा माल म्हणून धरला तर 2,21,880. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बाकीचं खिशातून.

यात दोन खड्डे आहेत. दुरुस्ती वॉरंटीत फुकट झाली तरी ड्युटी सुटत नाही. खर्च प्रत्यक्ष झाला असो वा नसो, वाजवी आकडा धरतात. म्हणून फुकटच्या दुरुस्तीतही कारखान्याकडून पार्ट्स आणि मजुरीची किंमत लिहून घ्यायची. दुसरा खड्डा मोठा. परदेशी सर्व्हिस सेंटरना जुना ड्राइव्ह ठेवून दुसरा पाठवणं सोपं पडतं. नंबर बदलला की ती दुरुस्ती राहत नाही, पूर्ण ड्युटी. पाठवतानाच ईमेलने कळवायचं: हाच नंबर परत हवा, नेमप्लेट काढू नका.

बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) भरताना अधिसूचनेचा सवलत-दावा आणि जुन्या शिपिंग बिलाचा नंबर टाकायला एजंटला सांगा. तो राहिला की मूल्यांकनात प्रश्न येतो आणि विलंबभाडं चढत जातं. ड्युटी भरून झाल्यावर बिल ऑफ एन्ट्रीची प्रत बँकेत द्या, नाहीतर शिपिंग बिल त्यांच्या यादीत 'पैसे येणे बाकी' म्हणून उघडंच राहतं आणि पुढच्या निर्यातीला अडचण होते.