राग येतो, धरला जातो, काढला जातो

'राग' हा शब्द एकटा फारसं काही सांगत नाही, सगळी मदार क्रियापदावर. राग येतो तो क्षणाचा. धरला की महिनोन्‌महिन्यांचा. 'ती त्याचा राग राग करते' म्हटलं की प्रसंग संपला, नावडच उरली. आणि काढला जातो तो बहुधा भलत्यावरच. म्हणून 'त्याला राग आहे' एवढंच लिहिलं की वाचणारा अडखळतो: आलाय, की धरून बसलाय?

'रागावणं' वरून खाली येतं. आई रागावते, मास्तर रागावतात, त्यात बोलणी खाणंही आलंच. 'शिपाई साहेबांवर रागावला' व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. तिथे चिडला किंवा भडकला हवं. रुसायला तर समजूत काढणारं माणूस लागतं. परक्यावर कोण रुसतो?

'त्रागा' सगळ्यात जास्त चुकतो. मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातला त्रागा म्हणजे दुसऱ्याला दोष लागावा म्हणून स्वतःला इजा करून घेणं. ती धार आता गेली, तरी रोख स्वतःकडेच राहिला आहे. 'त्रागा करून जेवला नाही' बरोबर. 'मालकाने नोकरांवर त्रागा केला' नको, तिथे आगपाखड आहे ना!

बातम्यांमध्ये नगरसेवक नाराज असतो, रहिवाशांचा रोष असतो, नातेवाईक संतप्त असतात. ही चढती पायरी आहे. पुनरुक्ती टाळायला तिन्ही शब्द आलटून पालटून टाकले की पायरीच मोडते. 'तीव्र संताप'मधला 'तीव्र' सरळ काढावा.

आवर घालणारे शब्दही तितकेच फसवे. 'मीठ बेताने घाल' हा सल्ला, पण 'हुशारी बेताची' हा टोमणा आणि 'परिस्थिती बेताची' म्हणजे गरिबी. किंमत माफक असते, अपेक्षाही. स्वभाव माफक नसतो. 1907च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा टिळकांचा गट जहाल, गोखल्यांचा मवाळ किंवा नेमस्त. 'नेमस्त' आता इतिहासाच्या पुस्तकापुरता उरला. 'मवाळ' टिकला, पण 'मंत्र्यांची भूमिका मवाळ' या मथळ्यात माघारीचा वास येतो. माघार म्हणायची नसेल तर 'सौम्य' किंवा 'समजुतीची' लिहावं.

संयम सुटतो, ढळतो, त्याचा बांध फुटतो. नुसता 'संयम तुटला' मात्र हिंदीतून आलेला वाटतो.