राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यांवरून रेषेचा चढ

पावसाचा जोर वाढला की पंचगंगा नदीकाठच्या कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं?" ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण नुसत्या पातळीवरून पुढचं कळत नाही. पाणी कोणत्या वेगानं वाढतंय हे कळायला दहावीच्या निर्देशक भूमितीतला रेषेचा चढ लागतो.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर तास घ्या, उभ्या अक्षावर फूट. समजा सकाळी ६ वाजता पातळी ३६ फूट ९ इंच होती आणि दुपारी १२ वाजता ३७ फूट ६ इंच झाली. पहिली चूक इथंच होते: ३६ फूट ९ इंच म्हणजे ३६.९ नव्हे. फुटाचे इंच १२, म्हणून ९ भागिले १२, म्हणजे ३६.७५. तसंच दुसरी नोंद ३७.५.

आता उभा फरक अंशात, आडवा फरक छेदात:

(३७.५ − ३६.७५) ÷ (१२ − ६) = ०.७५ ÷ ६ = ०.१२५

म्हणजे तासाला ०.१२५ फूट, दीड इंच. इशारा पातळीला अजून दीड फूट, म्हणजे १८ इंच बाकी आहेत. चढ हाच राहिला तर १२ तास, म्हणजे मध्यरात्री पाणी ३९ फुटांवर.

वजाबाकीचा क्रम वर-खाली एकच ठेवायचा. वर दुपारमधून सकाळ वजा केली आणि खाली सकाळमधून दुपार, तर उत्तर −०.१२५ येतं आणि चढतं पाणी कागदावर उतरायला लागतं. दोन्हीकडे क्रम उलटा केला तर मात्र उत्तर तेच राहतं. अंश-छेदाची अदलाबदल केली तर ८ येतं. तो चढ नव्हे, एक फूट वाढायला लागणारे तास आहेत. परीक्षेत ऋण निर्देशकांना कंस घालाच. (−३, ५) आणि (४, −२) या बिंदूंसाठी (−२ − ५) ÷ (४ − (−३)) = −७ ÷ ७ = −१. आतला कंस विसरला की छेदात ७ ऐवजी १ येतो आणि सगळं गणित बिघडतं.

चढ ऋण आला तर पाणी ओसरतंय, शून्य आला तर स्थिर आहे. उभ्या रेषेला मात्र चढ ठरवताच येत नाही, कारण छेद शून्य होतो. चढ म्हणजे टॅन थीटा (थीटा हा रेषेनं आडव्या अक्षाशी केलेला कोन) हेही खरं, पण दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच असेल तरच. इथं एकीकडे तास, दुसरीकडे फूट, त्यामुळे कोनमापक लावून उपयोग नाही. उभं प्रमाण ताणलं की रेषा भिंतीसारखी दिसते, चढाचा आकडा मात्र हलत नाही.

नोंदींमध्ये अंतर पुरेसं ठेवा. मोजपट्टी वाचताना एका नोंदीत इंचाची चूक झाली, तर तासाभराच्या फरकानं काढलेला चढ ताशी एक इंचानं चुकतो. सहा तासांच्या फरकानं काढला तर इंचाच्या सहाव्या भागानंच.

आणि तिसरा बिंदू घेतल्याशिवाय अंदाज बांधू नये. संध्याकाळी ६ वाजता पातळी ३७ फूट ९ इंच निघाली, तर या सहा तासांत वाढ फक्त ३ इंच, चढ तासाला अर्धा इंच. तिन्ही बिंदू एकरेषीय नाहीत. पाणी अजून वाढतंय, पण चढ कमी झालाय. नव्या चढानं उरलेल्या १५ इंचांना ३० तास लागतील. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, तर भोगावती नदीतून पाणी पंचगंगेत आल्यावर हाच चढ पुन्हा वाढू शकतो. अशा वेळी जुना आकडा खोडून ताज्या नोंदींवरून नवा काढायचा.