दहा वाजून चार मिनिटं

‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) सुरू होतो तो नुसत्या टिकटिकीने. पडद्यावर माणूस नाही. भिंतीवर, फडताळावर घड्याळंच घड्याळं, आणि त्यातल्या एकाच्या काट्याला लोंबकळणारा एक इवलासा पुतळा. कुत्र्याचं भांडं आधीच ओसंडतंय, तरी यंत्र त्यात आणखी एक डबा उपडा करतं. म्हणजे मालक, डॉक नावाचा शास्त्रज्ञ, बरेच दिवस घरी फिरकलेला नाही. थोड्या वेळाने कळतं की सगळी घड्याळं मुद्दाम २५ मिनिटं मागे ठेवलेली आहेत आणि मार्टी नावाच्या पोराला शाळेला उशीर झालाय.

पहिल्यांदा बघताना हा सगळा पसारा वाटतो. पण या सिनेमात अडगळीला काही टाकलेलंच नाही. चौकात मार्टी मैत्रिणीच्या जवळ सरकतोय तेवढ्यात एक बाई डबा खुळखुळवत मध्ये घुसते: कोर्टाच्या इमारतीवरचं घड्याळ वीज पडून ३० वर्षं बंद आहे, ते वाचवा. ब्याद टळावी म्हणून तो नाणं टाकतो आणि हातात पत्रक घेतो. मैत्रीण त्याच पत्रकाच्या मागे फोन नंबर लिहिते, म्हणून ते खिशात राहतं. नुसतं पत्रक कुठल्या पोराने जपलं असतं?

पुढे डॉकच्या कालयंत्र केलेल्या गाडीतून तो १९५५ सालात जाऊन अडकतो. परतायला गाडीला हवेत १.२१ गिगावॉट, म्हणजे १२१ कोटी वॉट. प्लुटोनियम संपलेलं. एवढी वीज फक्त आभाळातून मिळणार, आणि ती कधी कोसळेल हे सांगणार कोण? ते पत्रक. १२ नोव्हेंबर, रात्री दहा वाजून चार मिनिटं.

मग मनोऱ्यापासून केबल खाली आणून रस्त्यावर आडवी ताणायची, गाडीला आकडा लावलेला दांडा बसवायचा, आणि वीज पडायच्या क्षणी ताशी ८८ मैलांनी, म्हणजे साधारण १४२ किलोमीटरच्या वेगाने, तारेला भिडायचं. त्यात फांदी पडून वरची जोडणी सुटते. १९५५मधला तरुण डॉक मनोऱ्यावर चढतो, पाय घसरतो, आणि काट्याला लोंबकळतो! पहिल्याच दृश्यातला तो पुतळा. वरचं टोक जोडावं तर ओढ बसून खालचं निसटतं. तिकडे निघायची घंटा वाजते आणि गाडी सुरूच होत नाही. (मार्टी उशिरा निघूनही वेळेवर पोचतो. हिशोब चुकतो, पण तेव्हा मोजत कोण बसतंय?)

शास्त्र म्हणाल तर लंगडंच. मार्टीच्या लुडबुडीमुळे त्याच्या आईबापांची गाठ पडणार नसेल तर तिन्ही भावंडं एकदम नाहीशी व्हायला हवीत. इथे मार्टीजवळच्या भावंडांच्या फोटोत आधी थोरल्या भावाचं डोकं विरतं, मग बाकीचं, मग बहीण. पण पोराच्या हाती अशी गळती दिसणारी वस्तू दिली की ‘काळाची गुंतागुंत’ वगैरे समजावत बसावं लागत नाही.

अवघड जागा वेगळीच होती. वडिलांना गाडीखालून वाचवताना धडक मार्टीला बसते आणि त्याची होणारी आई वडिलांऐवजी त्याच्यावरच भाळते. याच कारणाने डिस्नेने पटकथा परत केली, तर इतर स्टुडिओंना ती पुरेशी चावट वाटेना. लेखकांनी सुटका केली ती आईच्याच तोंडून: चुंबन घेते आणि चक्रावते, भावाचा पापा घेतल्यासारखं वाटतंय म्हणते. एका वाक्यात प्रेक्षकांतल्या आज्याही सैलावतात. गंमत म्हणजे पडद्यावरची आई लिआ थॉम्पसन ही मुलगा झालेल्या मायकेल जे. फॉक्सपेक्षा फक्त नऊ दिवसांनी मोठी, आणि बाप झालेला क्रिस्पिन ग्लोव्हर तर त्याच्याहून जवळपास तीन वर्षांनी धाकटा. म्हातारपण सगळं रंगपेटीतलं.

आधीच्या एका खर्ड्यात कालयंत्र म्हणजे चक्क फ्रिज होता. पोरं घरातल्या फ्रिजमध्ये जाऊन बसतील या धास्तीने तो गेला आणि पंखांसारखी दारं उघडणारी डेलोरियन आली. त्या गाडीचा काटा मुळात ८५ मैलांपर्यंतच. ८८ दाखवायला नवी तबकडी बसवावी लागली.

सगळा काळ हाताशी असूनही मार्टी १९८५मध्ये गोळ्या लागलेल्या डॉकला वाचवायला स्वतःला दहाच मिनिटं जास्तीची घेतो. हे अगदी सतरा वर्षांच्या पोराचं गणित. परतल्यावर गाडी बंद पडते आणि तो पळत मॉलपाशी पोचतो. जाताना पाटीवर दोन पाइन वृक्ष होते, ‘ट्विन पाइन्स’. १९५५मध्ये शेतातून गाडी काढताना त्याने एक रोप आडवं केलं होतं. आता पाटीवर लिहिलंय ‘लोन पाइन’, आणि तिच्याकडे बघायला त्याला वेळ नाही.