उन्हाळ्यात जमिनीखालून वाहणारी मॅनिफोल्ड

इंग्लंडमध्ये बक्स्टन गावाच्या दक्षिणेला ॲक्स एज नावाचे उंच, ओसाड माळरान आहे. तेथून डव्ह, मॅनिफोल्ड, डेन, वाय आणि गॉइट अशा पाच नद्या निघतात. डेन आणि गॉइट यांचे पाणी पश्चिमेला आयरिश समुद्राकडे जाते, तर उरलेल्या तिघी ट्रेंट नदीच्या खोऱ्यात उतरतात. त्यांपैकी मॅनिफोल्ड ही जेमतेम १९ किलोमीटर लांबीची नदी मला सर्वांत विलक्षण वाटते.

उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडलेले पाहणे आम्हां नागपूरकरांना नवे नाही. पण आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांना तेव्हा वरूनच पाणी नसते. मॅनिफोल्डचे तसे नाही. लाँगनॉर गावापर्यंत आणि त्याखालीही काही अंतर ती वालुकाश्म आणि शेल यांवरून वाहते व हे खडक पाणी फारसे मुरू देत नाहीत. एक्टनजवळ चुनखडी सुरू होते. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो वर्षे चुनखडीच्या भेगा रुंद करत राहते. म्हणून कोरड्या दिवसांत वेटन मिलपाशी सगळा प्रवाह पात्रातल्याच भेगांत उतरतो. वर पाणी खळाळत असते आणि पुढच्या वळणावर मात्र शेवाळाचे धोंडे व बटरबर या वनस्पतीची छत्रीएवढी पाने, एवढेच उरते. ते पाणी पुन्हा वर येते थेट इलम येथे, तिथल्या ‘इलम हॉल’ या वाड्याच्या आवारातल्या झऱ्यांतून. वाटेत मिळणारी हॅम्प्स नदीही उन्हाळ्यात अशीच लुप्त होते.

या खोऱ्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक असेल. हॅम्प्स आणि मॅनिफोल्डच्या काठाने १९०४ ते १९३४ या काळात एक छोटी रेल्वे धावली. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच त्याआधी आपली बार्शी लाइट रेल्वे उभारली होती. दोन्हींचा गेज एकच, अडीच फुटांचा, आणि आपल्या इतवारी–नागभीड नॅरोगेजचाही तोच होता. इंजिनेही बार्शीच्याच वळणाची होती; उष्ण प्रदेशातल्या गाडीला शोभेल असा मोठा दिवा त्या धुकट दरीत त्यांच्या कपाळावर होता. रूळ उखडल्यावर १९३७ मध्ये त्या मार्गाची पायवाट झाली, आणि थॉर्स केव्ह या कड्यातल्या गुहेचे भव्य तोंड आज तिच्यावरून चालताना दिसते.

इलमच्या थोडे पुढे मॅनिफोल्ड डव्हला मिळते, डव्ह ट्रेंटला, आणि ट्रेंटचे पाणी हंबरच्या मुखातून उत्तर समुद्रात जाते.