जामीनदार कुठून आणायचा?

मागच्या महिन्यात आमच्या तालुका न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीशेजारच्या लिंबाखाली, एक पारधी बाई सकाळपासून बसून होती. तिच्या नवऱ्याला जामीन मंजूर होऊन एकोणीस दिवस झाले होते आणि तरीही तो कारागृहातच होता. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश होता. मुचलक्यावर सही करणे सोपे असते. जामीनदार मात्र सातबारा, रेशनकार्ड, छायाचित्रे आणि तहसीलचा ऐपत दाखला घेऊन न्यायालयासमोर स्वतः उभा राहावा लागतो. बाईच्या कॅरीबॅगेत दोन आधारकार्डे आणि घडी पडून फाटत आलेली आदेशाची प्रत, एवढेच होते. आवारात फिरणाऱ्या एका इसमाने तीन हजारांत जामीनदार ‘लावून देतो’ असे तिला सांगितले होते, आणि त्यातले आठशे ती देऊनही बसली होती.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. गरिबांच्या, आणि त्यातही ज्यांच्यावर जन्मापासून संशयाचा शिक्का आहे अशांच्या तुरुंगवासाचा विचार आपण अटक आणि शिक्षा या दोन टोकांनाच धरून करतो. प्रत्यक्षात माणूस कुजतो तो या दोहोंच्या मधल्या जागेत, आणि तिथे त्याला अडवून धरणारी गोष्ट बहुधा एखादा कागद असते.

२०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे लोक. अमेरिकेत लोकसंख्येच्या साधारण तेरा-चौदा टक्के असलेले कृष्णवर्णीय तुरुंगातल्या कैद्यांत सुमारे एक तृतीयांश आहेत, आणि तिथे ब्रायन स्टीव्हनसन या वकिलाने १९८९ मध्ये अलाबामात उभी केलेली संस्था गरीब कैद्यांचे खटले लढवते. हे वाचताना आपल्याकडचे शिक्षित लोक हळहळतात. मीही हळहळलो होतो. पण गावात मोटार चोरीला गेली, की पोलिसांची पहिली गाडी ज्या वस्तीवर जाते, आमच्याकडे जिला पारधी पिढी म्हणतात, तिच्याबद्दल हळहळणारा माणूस शिक्षकांच्या खोलीत मला क्वचितच भेटला.

या संशयाला कायद्याचा इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याचा विस्तार करत अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला, म्हणूनच ही मंडळी हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला आणि जे ओझे जमातीच्या नावावर होते ते ‘सराईत’ या शब्दावर आले. शब्द बदलला, तरी रात्री पालावर पडणारी बॅटरी तीच राहिली.

याविरुद्ध काम करणाऱ्यांची परंपरा लहान नाही. १९९८ मध्ये लेखिका महाश्वेतादेवी, भाषाभ्यासक गणेश देवी आणि मूळचे लातूर जिल्ह्यातले लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभारला. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांचा निवासी प्रकल्प चालतो. अलीकडचे सर्वांत मोठे पाऊल एका पत्रकार महिलेमुळे पडले. कारागृहांत जातीवरून कामे वाटली जातात, याविषयी सुकन्या शांता यांनी आधी लिहिले आणि मग त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावले. निकाल उत्तम आहे. तो ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावायला कोणी सांगितले असते, तर अधिक उत्तम झाले असते.

वसतिगृहाला देणगीदार मिळतात, अत्याचारानंतरच्या मोर्चाला माणसे मिळतात, आणि हे दोन्ही हवेच आहे. मात्र ऐपत दाखल्यासाठी तहसीलमध्ये चार खेटे घालण्याच्या कामाला कोणी मिळत नाही, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. वास्तविक कायदा इथे पुष्कळ वाट मोकळी करून बसला आहे. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचे ठरवले. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट शिथिल करता येईल का, हे न्यायालयाने स्वतःहून पाहावे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ नुसार, जन्मठेप किंवा मृत्युदंडाचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. मात्र एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. पारध्याच्या पोरावर संशयाने दोन-तीन गुन्हे एकदम टाकले जातात, तेव्हा या शेवटच्या ओळीचा अर्थ कळतो.

लिंबाखालच्या बाईचा भाऊ शेजारच्या जिल्ह्यात गायरानावर राहतो, त्यामुळे त्याच्याकडे सातबारा असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही विधी सेवेच्या वकिलांमार्फत अट शिथिल करण्याचा अर्ज केला, सोबत मोतीराम निकालाची प्रत जोडली. जामीनदाराऐवजी जादा रकमेचा जातमुचलका आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी, यावर न्यायालयाने मान्यता दिली. आदेश कारागृहात पोचेपर्यंत संध्याकाळची बंदी होऊन गेली होती, म्हणून सुटका दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. रात्रभर ती दोन लेकरांना घेऊन एसटी स्टँडवर थांबली. आठशे रुपये घेणारा इसम मला त्यानंतर दोनदा आवारात दिसला. पैसे परत मागितले, तर म्हणाला, ‘गुरुजी, काम तर झालंच ना.’