शेठच्या वाड्यातली लक्ष्मी

धुळ्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या दिवाळीआधी अमळनेरकडच्या एका गावातून फोन आला, वाड्यातल्या एकवीस तसबिरींना वाळवी लागलीय, येऊन बघा. गेलो छोटा हत्ती घेऊन.

दगडी जोतं, सागाचे खांब, वर धाबं, आणि अर्ध्या खोल्यांना कुलूप. जिना चढता चढताच आप्पांनी (वय अठ्ठ्याहत्तर) घराण्याची कथा लावली. पणजोबा कापसाचे व्यापारी, अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालली तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जाईना, मग आपल्या कापसाला असा भाव आला की त्यात हा वाडा उभा राहिला. आजोबांना नाद चित्रांचा, मुंबईला गाठी विकायला जायचे आणि येताना चित्रं घेऊन यायचे. "ही लक्ष्मी खुद्द रविवर्माच्या हातची," आप्पा म्हणाले. पुण्याच्या पुतण्याने तर मोबाईलवर कोटींचे आकडे काढूनच ठेवले होते.

चौकटीची खालची पट्टी काढली आणि कागदाच्या कडेला छापलेली ओळ दिसली. प्रेसचं नाव! इतकी वर्षं पट्टीखाली झाकलेलं. आता सांगायचं कसं? सांगितलं बाबा एकदाचं, की रविवर्मांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, छपाई दगडावरून, रंगागणिक वेगळा दगड, वरून वार्निश, लांबून ऑइल पेंटिंगच वाटतं पण भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात, आणि अशा लक्ष्म्या घरोघरी होत्या.

"हाई छापेल शे?" आप्पा एवढंच बोलले. पुतण्या फोन घेऊन बाहेर.

मला मात्र चौकट जरा जास्तच खोल वाटत होती. बघतो तर काचेच्या आत चारी बाजूंनी लाकडाच्या बारीक कामट्या, म्हणजे काच चित्राला टेकू नये अशी सोय मुद्दाम केलेली. काच उचलली तेव्हा कळलं. लक्ष्मीच्या साडीचा काठ खऱ्या जरीचा, अंगभर टिकल्या, सगळं सुईने शिवलेलं, आणि पाठीमागे दोऱ्याच्या गाठी, इतक्या नेटक्या की माझ्या बायकोला फोटो पाठवला. तेव्हा बायका छापील चित्रं अशी सजवायच्या, पण एवढं बारीक काम मी तरी बघितलं नव्हतं. मग बाकीच्या वीस उघडल्या. चौदांवर तोच हात.

विचारलं, कोणी केलं हे? आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आजी दुपारी जेवणं झाली की माडीवर जायची, दार लावून घ्यायची, आम्हाला वाटायचं झोपते.

सकाळपासून दोन तास घराणं ऐकत होतो, त्यात आजीचा हा पहिला उल्लेख.

काच काढताना काही टिकल्या गळून ओसरीवर पडल्या होत्या. आप्पा खाली बसले, बोट ओलं करून एकेक उचलली, चष्म्याच्या डबीत ठेवली. अकरा निघाल्या. "चौकट नवी कर," म्हणाले, "पन त्या कामट्या जुन्याच ठेव भो."